हिरोशिमाहून, बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. बाबा, "अणुबॉम्ब टाकला ते बरोबरच झालं ना?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, त्याचं उत्तर खाली लिहिते. आई, जेवते वेळेवर. आणि इथल्या पाण्याने काहीही होत नाही! बॉम्ब जमिनीच्या सुमारे 600 मीटर वर, हवेतच फुटला. त्यामुळे जमिनीतला किरणोत्सर्ग लवकर ओसरला. आज तो कुठल्याही शहरात असतो तेवढाच.

इथली एक रीत मात्र अजब आहे. लोक कागदाचे क्रौंच पक्षी करतात, हजार झाले की दोऱ्यात ओवतात आणि मुलांच्या स्मारकापाशी काचेच्या कपाटांत टांगतात. हे मुळात सदाको सासाकी नावाच्या मुलीच्या आठवणीत. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, दवाखान्यात ती हेच पक्षी करत बसायची. आता जगभरातून वर्षाला टनांनी येतात, मग त्यांचा पुन्हा कागद करतात. ऑफिसातल्या बाईंनी मलाही बसवलं. माझ्या पक्ष्याची मान वाकडी झाली, तरी त्यांनी मुकाट्याने ओवला.

बाबा, फोनवर मी विषय बदलला, तो मुद्दाम. आजोबांची पलटण जपानच्या ताब्यातल्या मलायावर उतरणार होती, बॉम्ब पडला म्हणून ते जिवंत परतले आणि म्हणून आपण आहोत, हे मी नाकारत नाही. पण इथे आगीला आडवी मोकळी जागा हवी म्हणून घरं पाडायला 12-13 वर्षांची शाळकरी पोरं आणली होती. त्यातल्या एकाचा डबा संग्रहालयात आहे, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. आजोबांच्या जिवाची किंमत म्हणून तो डबा दाखवायला माझं मन धजत नाही. वर्षअखेरीपर्यंत इथे सुमारे 1,40,000 माणसं गेली. 6 ऑगस्टला हिरोशिमा, 8ला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि 9ला नागासाकी! पहिल्या बॉम्बवर तुम्ही माझ्याशी हवा तेवढा वाद घाला. पण शरण यायचं की नाही हे ठरवायला जेमतेम तीन दिवस देऊन टाकलेल्या दुसऱ्याचं समर्थन मला नाही जमत.

स्थळाबद्दल. "तिथे राहिलेल्या मुलीला मुलंबाळं धड होतील ना?" असं त्यांनी विचारलं म्हणे. बॉम्बमधून वाचलेल्या बायकांची लग्नं याच शंकेने मोडली, कित्येकींनी आपण तेव्हा इथे होतो हेच लपवलं. त्यांना नाही कळवा. आई, चिडू नकोस गं, दुसरं बघू.

छपराच्या पत्र्यांचे पैसे पाठवलेत. येन उतरलाय, म्हणून थोडे कमी भरतील, उरलेले पुढच्या महिन्यात. आजोबांच्या वर्षश्राद्धाला येणं होत नाहीये. रजा मागितली होती, खरंच. दादाला सांगा, गुरुजींची दक्षिणा माझ्याकडून.

तुमची,
छोटी