धाकट्याच्या रक्ततपासणीबद्दल आरोग्यमंत्र्यांना पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

माझी मुलगी सात वर्षांची असताना अचानक घटाघटा पाणी पिऊ लागली, वजन उतरलं, झोपेत अंथरूण ओलं होऊ लागलं. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग समजून औषध दिलं. चौथ्या दिवशी ती धापा टाकत अतिदक्षता विभागात पोहोचली. टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते तो आजार, हे नाव आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून रोज रात्री दोनला उठून मी तिची शुगर बघते.

त्यामुळे नव्या उपचारांची एकही बातमी माझ्या नजरेतून सुटत नाही. मूलपेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्यावर 12 पैकी 10 रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं, हे 2025 मध्ये वाचलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. पण त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. लेकराला ती द्यायला मी धजणार नाही. स्वीडनमध्ये जनुकं बदललेल्या पेशी अशा औषधांशिवाय तगल्या, पण त्या एकाच रुग्णात. त्यासाठी थांबावं लागेल, आम्ही थांबू.

टेप्लिझुमॅब या औषधाचं तसं नाही. अमेरिकेत त्याला 2022 मध्येच मंजुरी मिळाली. रोज एकदा, सलग 14 दिवस ते शिरेतून देतात. चाचणीत त्याने आजाराची सुरुवात सुमारे दोन वर्षं पुढे ढकलली. मूल लहान असताना दोन वर्षं इंजेक्शनाविना जाणं किती मोठं असतं, हे आमच्यासारख्या घरांना विचारा. मात्र ते आजार उघड होण्याआधीच द्यावं लागतं: रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची किमान दोन प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असताना, साखर नुकती बिघडू लागली असताना. लेकीची ती वेळ टळून गेली.

धाकट्याची टळलेली नाही. सख्ख्या भावंडांना धोका कितीतरी जास्त असतो, तरी त्याची तपासणी करा असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. मीच हट्टाने करून घेतली. दोन प्रतिपिंडं सापडली. साखर अजून ठीक आहे. उद्या ती बिघडली तर हे औषध मिळेल का, ते आमच्या डॉक्टरांना सांगता येत नाही.

इटलीने 2023 मध्ये मुलांच्या अशा तपासणीसाठी कायदाच केला. किमान टाइप वन असलेल्यांच्या भावंडांची तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत सुरू करा. टेप्लिझुमॅबबद्दल निर्णय घ्या. आणि सारखी तहान लागणाऱ्या प्रत्येक मुलाची साखर त्याच भेटीत, बोटाच्या थेंबावर तपासली जावी, असा आदेश काढा. त्याला तर कुठलंच नवं संशोधन लागत नाही.

धाकट्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तोवर आपलं उत्तर यावं, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई