मुक्ताला: टार्ट, वाडे आणि तुझा ओव्हन

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बोलणं अर्धवट राहिलं. फोन कट झाला की तू केलास, ते विचारत नाही. माझा आवाज चढला होता हे आईनं आतल्या खोलीतून ऐकलं, म्हणजे चढलाच असणार. म्हणून आज गल्ल्यावर बंटीला बसवून निवांत लिहायला घेतलंय. ठरवलंय की आधी तुझ्या टार्टबद्दल, त्या जॅम-बदाम भरून भाजलेल्या पारीबद्दल लिहायचं आणि मग जमलंच तर बाकीचं.

वरून करपलेला आणि खालून कच्चा, हा काही तुझ्या हाताचा दोष नाही. तुझा ओव्हन गॅसचा, बिनपंख्याचा. जाळ मागे तळाशी, गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा कप्पा मधल्यापेक्षा बटणावरचा साधारण एक आकडा जास्त तापतो आणि खालचा तेवढाच कमी. इंग्लिश कृतींमध्ये गॅस मार्क ४ लिहिलेलं असतं, म्हणजे १८० अंश, ते मधल्या कप्प्याचं. मार्क ६ म्हणजे २००, मार्क ७ म्हणजे २२०. पंख्याच्या ओव्हनची कृती असेल तर तिच्यातला आकडा तुझ्याकडे २० अंशांनी वाढवायचा. शिवाय गॅस जळताना वाफ होते, म्हणजे तुझ्या ओव्हनमधली हवा ओलसर. केकला ते मानवतं, टार्टच्या पारीला नाही.

आता नीट माप लिहून घे. २३ सेंमीचा, तळ सुटा होणारा पत्र्याचा साचा. काचेचा किंवा चिनी मातीचा नको, तो उशिरा तापतो आणि तळ पांढराच राहतो. पारीला साधा मैदा १७५ ग्रॅम (बेकिंग पावडर मिसळलेला सेल्फ रेझिंग नव्हे), थंड लोणी ८५ ग्रॅम, चमचाभर पिठीसाखर. शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळवा लावायचा नाही, तळव्यानं लोणी वितळतं. मग गार पाणी दोन-तीन मोठे चमचे, गोळा जेमतेम बांधला जाईल एवढंच. मळत बसलीस तर भाजताना कडा आकसून खाली येतात. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग लाटून साच्यात. काट्यानं टोचे मारायचे, वर बेकिंग पेपर, त्यावर कोरडा राजमा, आणि मार्क ६ वर पंधरा मिनिटं. राजमा काढून आणखी पाच-सात मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. तू हीच पायरी गाळलीस. रिकामी पारी आधी भाजली नाही तर जॅमचं पाणी तिच्यात मुरतं आणि मग तिला कुणीच वाचवू शकत नाही.

भरायला रासबेरी जॅमचा पातळ थर, तीन चमचे पुरे. वर ११० ग्रॅम लोणी, ११० ग्रॅम कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर), ११० ग्रॅम बदामाची पूड, दोन अंडी. लोणी आणि साखर फेसताना तुझ्या थंडगार स्वयंपाकघरात लोणी दगडासारखं राहील. भांडं कोमट पाण्यानं विसळून पुसून घे. अंडी फ्रिजमधून थेट घातलीस तर मिश्रण फाटतं. फाटलंच तर चमचाभर बदामाची पूड घालून फेट, सावरतं. मार्क ४, तीस ते पस्तीस मिनिटं. आणि एक जाड सपाट ट्रे ओव्हनबरोबरच तापत ठेव, साचा त्या तापलेल्या ट्रेवर ठेवायचा, म्हणजे खालून चटका बसतो. ट्रे ओव्हनच्या भिंतींना टेकता कामा नये, चारी बाजूंनी दोन बोटं जागा हवी. गरम हवेला फिरायला वाट लागते.

आणि इथेच येतो तो फॉइल. तू कॅमेरा ओव्हनच्या आत नेलास तेव्हा मला टार्टच्या आधी तळाशी अंथरलेला फॉइल दिसला. सांडलेलं पुसायला सोपं पडावं म्हणून घातला असशील. पण तळाची भोकं नक्षीची नाहीत गं. तिथून हवा आत येते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, निळा जाळ पिवळा होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तुझा जाळ पिवळा होता. मी तीस वर्षांपेक्षा जास्त भट्टीसमोर उभा आहे, मला जाळाचा रंग कळतो.

झालं, टार्टवर लिहिणार होतो.

बरं, तू बघत फिरतेस त्या तिथल्या जुन्या वाड्यांचं. काल्क ॲबी या वाड्याचे फोटो मी दुकानात सगळ्यांना दाखवले. आक्का म्हणाली, एवढा मोठा वाडा आणि रंगाचे पोपडे का निघालेत? तिला सांगितलं की जुने वाडे सांभाळणाऱ्या तिथल्या नॅशनल ट्रस्टनं तो १९८५ साली हातात घेतला तेव्हा मुद्दाम तसाच ठेवायचं ठरवलं, पडझड थांबवायची पण चकचकीत करायचा नाही. आपल्याकडे एक तर चुना फासतात नाही तर पडू देतात. हा तिसरा मार्ग मला फार पटला. तू तिथल्या रेशमी पलंगाबद्दल लिहिलंस, वर्षानुवर्षं पेट्यांतच राहिलेला, म्हणून त्याचे रंग टिकले. ते वाचून आई म्हणाली, आपली मुलगी बघायला शिकली. मी काही बोललो नाही, पण मलाही तसंच वाटलं होतं.

केडलस्टनचा वाडा तुझ्या डर्बीपासून इतका जवळ आहे की उन्हाळ्यात पुन्हा जाशीलच. या वेळी स्वयंपाकघराची जागा बघ. १७६० च्या सुमारास वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडमच्या हातात काम आलं. मूळ नकाशात मधल्या इमारतीला चार पंख होते, बांधले दोनच. एकात कुटुंब राहायचं, दुसऱ्यात स्वयंपाकघर. मधे वळणाची लांबलचक वाट. आगीची भीती, धुराचा आणि वासाचा त्रास, म्हणून चूल माणसांपासून इतकी दूर. जेवण निवलं तरी चालेल, पण जाळ लांब हवा, हा हिशेब. त्याच नकाशावरून कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस १८०३ मध्ये पुरं झालं, तिथे मात्र चारही पंख बांधले. आणि १८९९ ला व्हाइसरॉय होऊन त्या वास्तूत राहायला गेला तो केडलस्टनचाच कर्झन. त्याची पूर्वेकडची जमवाजमव खालच्या मजल्यावर मांडलीय, ती बघताना बंगालची फाळणीही आठव आणि १९०४ चा प्राचीन वास्तूंचा कायदाही. माणूस एकाच रंगात रंगवता येत नाही. हा इतिहासाचा तास झाला, माफ कर. भाऊकाकांचा गुण.

पण स्वयंपाकघरं खरंच बघत जा. फेरीच्या शेवटी असतात, लोक चहाच्या ओढीनं पटकन पुढे सरकतात. हार्डविकच्या वाड्यात भिंतीवर तांब्याची भांडी मांडलेली आहेत, ती मापाच्या क्रमानं बघ. वरच्या लांब दालनातले बायबलमधल्या गिडियनची गोष्ट विणलेले तेरा पडदे सगळे बघतात, आणि बघावेतच. त्यांच्या दुरुस्तीचं काम चोवीस वर्षं चालून २०२३ मध्ये संपलं. पण जुन्या घरात कुठेही घुमटीसारखा ब्रेडचा विटांचा ओव्हन दिसला तर वाकून आत डोकाव. त्याच्या पोटातच काटक्या पेटवायच्या, विटा तापल्या की निखारे आणि राख ओढून बाहेर काढायची, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, मग ब्रेड आत आणि दार लिंपून बंद. सर्वांत कडक तापाला ब्रेड, उतरत्या तापाला पाई (सारण भरलेली पारी), त्यानंतर केक, अगदी शेवटच्या धगीवर बिस्किटं. आजोबांच्या भट्टीतही हाच क्रम: आधी पाव, मग खारी, मग नानकटाई, आणि टोस्ट रात्रभर धगीवर सुकायला. मे महिन्यात गल्लीतल्या बायका रवा, तूप, साखर डब्यात घेऊन यायच्या, ट्रेवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, आणि तू त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचीस. कुलकर्ण्यांची नानकटाई जोशांकडे गेली तेव्हा आजोबांनी तुला भट्टीवर ओरडण्याऐवजी लांब दांड्याची फळी हातात दिली होती.

त्या भट्टीला धुराडं होतं, दार उघडं असायचं, वर कौलांतून वारा. आजोबा कितीही थंडी असली तरी दार लावू द्यायचे नाहीत. तू मात्र थंडी येते म्हणून भिंतीतल्या हवेच्या जाळीवर टेप लावलीस. ती जाळी घरमालकानं हौसेनं केलेली नाही. ती काढ. आज काढ. बेक करताना खिडकी दोन बोटं उघडी ठेव, स्वेटर घाल.

आणि ओव्हन पेटता ठेवून दार उघडून खोली तापवायची नाही, कधीही नाही. बेकिंग झाल्यावर गॅस बंद करून उरलेल्या धगीसाठी उघडलंस तर गोष्ट वेगळी.

हे सगळं मी फोनवरही म्हणालो, फक्त मोठ्यानं. तू म्हणालीस, घरात तर गॅसचा वास येत नाही. वास गॅसला मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग काहीच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून बसतं. बेक केलंस की रात्री डोकं जड आणि सकाळी बाहेर पडल्यावर हलकं, असं तू स्वतः सहज बोलून गेलीस. मला तेव्हापासून तेवढंच ऐकू येतंय. थकव्यानंही होत असेल, कबूल. पण आधी हे तपासायचं आणि मग थकव्याकडे जायचं.

म्हणून क्रमानं कर. तपासणी होईपर्यंत ओव्हन पेटवायचा नाही. फॉइल आणि टेप आजच काढ. घरमालकाकडे गॅस तपासणीचा दाखला माग. इंग्लंडमध्ये तो दर वर्षी ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या यादीत नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावा लागतो आणि भाडेकरूला प्रत द्यावी लागते. घरमालक म्हणेल की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं माझ्यावर बंधनकारक नाही. २०२२ च्या नियमानं घरमालकाला बॉयलरसारख्या उपकरणाच्या खोलीत अलार्म द्यावा लागतो, पण त्यातून स्वयंपाकाची गॅसची शेगडी आणि ओव्हन वगळलेत. म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरासाठी तो हात वर करू शकतो. तर भांडत बसू नकोस, तूच घे. ईएन ५०२९१ असा मानकाचा क्रमांक छापलेला, आवाज करणारा. नुसते रंग बदलणारे ठिपके असतात, ते घेऊ नकोस, झोपलेल्या माणसाला रंग दिसत नाही. ओव्हनपासून एक ते तीन मीटरवर, श्वासाच्या उंचीला. पडद्यामागे किंवा कपाटात नाही. वाजलाच तर गॅस बंद, खिडक्या उघड्या, तू बाहेर, आणि बाहेरून गॅसच्या तातडीच्या मदतीला फोन, ०८०० १११ ९९९. डोकं दुखत असेल तर डॉक्टरला ‘गॅसचा ओव्हन आहे’ हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

पुरे. आता स्कोन, ते चहाबरोबरचे छोटे गोल पाव, कारण ऑफिसात न्यायचे आहेत म्हणालीस. ओव्हन पास झाला की. सेल्फ रेझिंग मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, लोणी ५०, साखर २५, दूध १५० मिली पण सगळं एकदम ओतू नकोस. गोळा हाताला किंचित चिकटेल इतका मऊ हवा. लाटणं नको, हातानं थापून इंचभर जाड. साचा सरळ खाली दाबायचा आणि सरळ उचलायचा. फिरवलास की कडा दबतात आणि स्कोन एका अंगाला झुकून फुगतो. ट्रेवर एकमेकांना जवळ जवळ ठेव, आधारानं वर चढतात. मार्क ७, वरचा कप्पा, बारा ते पंधरा मिनिटं. तुझ्या बेकिंग पावडरच्या डब्यावरची तारीख बघ. गरम पाण्यात चिमूटभर टाकली की खळखळून फेस आला पाहिजे, नुसतीच विरघळली तर फेकून दे.

ट्रस्टचं सभासद कार्ड चॅट्सवर्थ आणि हॅडन हॉल या वाड्यांना चालत नाही, तिथलं तिकीट वेगळं, तेव्हा दादा येईल तेव्हासाठी ते राखून ठेव. हिवाळ्यात पुष्कळ वाडे आतून बंद असतात, बाग आणि चहा चालू. जायच्या आधी बघून घे. आत गेलीस तर गरम कपडे घाल. तिथली उष्णता माणसांसाठी नसते, लाकूड आणि कापड टिकावं म्हणून हवेतला ओलावा सांभाळायला असते. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. खोलीतल्या स्वयंसेवकांना विचारत जा, बहुतेक निवृत्त माणसं, कुणी विचारलं की खुलतात. तू एकटी जातेस याचं मला वाईट वाटत नाही, तू एकटी बेक करतेस आणि दार लावून झोपतेस याचं वाटतं. परत तिथेच आलो बघ.

तू मोठी झालीस, नोकरी करतेस, परक्या देशात घर चालवतेस, मला दिसतं सगळं. चारचौघांत मी तुझंच सांगत असतो. तरी जाळाच्या बाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईला मी एवढंच सांगितलंय की टार्ट करपला म्हणून मी ओरडलो. डोकेदुखीचं तिला माहीत नाही. माणूस तपासून गेला की आधी मला मेसेज कर, मग तिला फोन कर.