अठरा फुटांचा हिशोब

दि. 2 फेब्रुवारी 2025

प्रिय बाळ्या,

रामराम. फोनवर ‘सविस्तर लिहितो’ म्हणालो होतो, त्याला पंधरा दिवस झाले. आज रविवार, ऊस परवाच गेला, हातात जरा वेळ आहे. पत्र लांबेल. शेवटी तुझ्याकडं एक कामही आहे, म्हणून अर्ध्यात सोडू नकोस.

ते नेतृत्व शिबिर परवा संपलं. ऑगस्टपासून सहा महिने, दर महिन्याला दोन दिवस मुक्काम. तिथं ‘विविधता’, ‘समावेशन’ असे जड शब्द होते. पहिल्या दिवशी मला तुझी आठवण आली. तुमच्या कंपनीत अर्ध्या तासाचं क्लिक-क्लिक करून तू यातच सर्टिफिकेट मिळवलं होतंस ना? खरं सांगतो, मीही सर्टिफिकेटसाठीच गेलो होतो. पुढच्या निवडणुकीच्या पत्रकावर छापायला बरं.

आपल्या गावातून आम्ही तिघं होतो. मी, घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बचत गटाच्या काकू. पहिल्याच दिवशी जमिनीवर खडूनं आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला. मी लगेच पुढं. वेस, मारुतीचं देऊळ, शाळा, पंचायत, सोसायटी, दूध डेअरी. ओढ्याची एक रेघ ओढली, पलीकडं एक गोल काढला आणि त्यात वस्तीचं जुनं नाव लिहिलं. जातीचं. हात कसा तिकडं गेला, मलाच कळलं नाही. काकूंनी खाली बसून पदरानं ते पुसलं आणि म्हणाल्या, “दादा, नाव बदललंय की. तुम्हीच ठराव केलाय.”

खरंच केला होता. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला, नंतर आम्ही पंचायतीत ठराव घातला, फलक लावला. फलकाचं उद्घाटन करताना माझा फोटोसुद्धा आहे. मग काकूंनी त्या गोलाच्या आत खडू चालवला. तीन नळकोंडाळी, त्यातलं एक बंद. दिवा नसलेला खांब. पावसाळ्यात पोरं शाळेला जाताना जिथून ओढा ओलांडतात ती जागा. माझ्या नकाशात तिथं नुसता गोल होता. आपण दोघं लहानपणी त्या ओढ्यात डुंबलो, पण पलीकडं किती वेळा चढलो रे?

आता खरी गोष्ट सांगतो, रॅम्पची.

शिबिरात शेजारच्या तालुक्यातले एक टेलर होते. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवर असतात. बोलणं तिखट. कुणीतरी त्यांना विचारलं, अपंग म्हणायचं की दिव्यांग? ते म्हणाले, “काहीही म्हणा, पण वर चढता आलं पाहिजे.” मी तिथंच फुशारकी मारली, की आमच्या पंचायतीला रॅम्प आहे. नोव्हेंबरात गावभेटी ठरल्या, तेव्हा त्यांनी आपलंच गाव मागून घेतलं.

तो रॅम्प तू पाहिलायस. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला. पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात आणि पावसात ग्रामसेवकाची मोटरसायकल तिथूनच वर चढते. टेलरनी खिशातून कपडे मापायचा टेप काढला आणि मला धरायला लावला. तीन पायऱ्या, ओट्याची उंची 18 इंच. रॅम्पची लांबी 4 फूट. मग म्हणाले, “एक इंच चढायला एक फूट लागतो. हिशोब करा.” साधा हिशोब. 18 फूट. तू इंजिनिअर, तुला हे माहीत असणार. मला माहीत नव्हतं आणि बांधणाऱ्यानं विचारलंही नव्हतं.

पुढं त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. हातांवर भार देऊन ते खुर्चीतून पायरीवर उतरले आणि म्हणाले, “आता तुम्ही बसा.” चावडीपुढं निम्मं गाव गोळा झालेलं. बसलो. आधी स्वतः चाकं ढकलून पाहिली, खुर्ची फूटभर वर गेली आणि मागं आली. मग दोन पोरांनी मागून रेटलं. निम्म्यावर पुढची चाकं उचलली गेली, मी आभाळाकडं बघायला लागलो आणि “सोडू नका रे!” असा ओरडलो, की सगळे हसले. टेलर हसले नाहीत. टेपची गुंडाळी करत बसले होते.

पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा रॅम्प त्याच पैशातून झालाय आणि बिलावर माझी सही आहे. त्या रात्री कपाटातली कागदपत्रं काढली. दिव्यांगांच्या यादीत पाच नावं होती, सगळी हातापायानं अधू नाहीतर आंधळी. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 7 होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. आशाताईंनी घरोघर फिरून नवी यादी केली, ती सतरावर गेली. त्यात आमच्या चुलतभावाचा मुलगा आहे. आपण सगळे त्याला ‘येडं’ म्हणतो, तो. नऊ वर्षांचा झाला, अजून एकाही डॉक्टरला दाखवलेलं नव्हतं.

महिलासभेचंही तेच. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची हा कायदा. आपल्याकडं शिपाई रजिस्टर घेऊन फिरतो, बायका हात पुसत दारात सह्या करतात, झाली सभा. नऊ सदस्यांत पाच बायका आहेत, पण बोलायला त्यांचे नवरे. यंदा 25 जानेवारीला दुपारी तीनला खरी सभा लावली. रात्री आठला लावली असती तर कोण येणार, स्वयंपाक टाकून? चाळीसेक आल्या. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत काकूंनी दिव्याच्या खांबाचा विषय काढला, तेव्हा एका सदस्यबाईंचे यजमान उठून म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही. त्यांना खाली बसवणारी त्यांची बायकोच निघाली. खांबाचं काय होईल ते बघू, वीज कंपनीची गाडी तुला माहीतच आहे.

आईचं सांगायचं राहिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रक आलं, मग आपणही केला. सूचक मी. आणि दर संक्रांतीला आमच्याच घरातल्या हळदीकुंकवाला आई आत चहाचं आधण बघत बसायची. शिबिरात एकदा विचारलं, तुमच्या घरातल्या कार्यक्रमात घरातलंच कोण बाहेर असतं? मी तासभर गप्प होतो.

परवा शुक्रवारी आमच्याकडं हळदीकुंकू झालं. बायकोनं आईला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं, पण उठून कुणी गेलं नाही. कुंकवाचं बोट पुढं आलं तसं आईनं तोंड फिरवलं. म्हणाली, “ते राहू दे, सवय गेली. वाण काय आणलंय ते दाखव.” प्लॅस्टिकची चाळणी होती. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, “ही दोन महिने टिकायची नाही.” माझी बायको अजून फुगलेली आहे.

तर काम असं. नवा रॅम्प ग्रामसभेत मंजूर झालाय. पण ओट्यापुढं जागा सरळ अकरा फूटच आहे, पुढं झेंड्याचा खांब. म्हणजे वळण घ्यावं लागणार आणि वळणावर खुर्ची फिरायला सपाट जागा हवी. शिमग्याला येशील तेव्हा माप घेऊन नकाशा काढून दे. फी मागू नकोस, आईच्या हातची पुरणपोळी आहे. काँक्रीट ओतायच्या आधी टेलर येऊन बघणार आहेत. टेप ते स्वतःचाच आणतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा