ताकाचा पेला का परत केलास?

पुणे,
रविवार दुपार

प्रिय शिरीष,

परवा जेवायला आलास. मधुमेहामुळे हल्ली तू कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट, मोजून खातोस. म्हणून भात नको म्हणालास, पोळी अर्धीच घेतलीस, तिथवर मी गप्प होतो. पण आईने घुसळलेल्या ताकाचा पेला तू बोटाने मागे सारलास आणि वर म्हणालास, "काकू, दुधातली साखर असते त्यात." तिने तो पेला मुकाट्याने माझ्यापुढे ठेवला. आणि तू? निघताना पिशवीतून ती 'पोटाला चांगली' म्हणून मिळणारी आंबवलेल्या दुधाची छोटी बाटली काढून प्यालास!

तुझं म्हणणं खोटं नाही. शंभर मिली दुधात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. विरजणातले जंतू तेच खाऊन आम्ल करतात, पण सगळं संपवत नाहीत. आपणच केलेल्या आंबटपणात त्यांचा जोर सरतो, आणि साखरेचा बराचसा वाटा तसाच उरतो. म्हणून दही आंबटढाण लागलं तरी ते बिनसाखरेचं नसतं.

पण बाबा, ताक म्हणजे दही नव्हे! आई वाटीभर दह्यात दोन वाट्या पाणी घालते, रवी फिरवते, लोणी काढून घेते. वाटीभर दह्यातली चार-साडेचार ग्रॅम साखर तीन वाट्यांत पसरली. तू परत केलेल्या पेल्यात फार तर तीन ग्रॅम होती. तुझी दिवसाची मर्यादा पन्नास ग्रॅम कर्बोदकांची. त्या अर्ध्या पोळीतच आठेक ग्रॅम गेले, त्याचं काही नाही.

तुझी ती रिकामी बाटली ओट्यावरच राहिली होती. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. बाटली पासष्ट मिलीची, आणि साखर दहा ग्रॅमच्या आसपास. चार घोटांत तीन पेले ताक!

लस्सी सोड, तिच्यात तीन-चार चमचे साखर पडतेच. पियूष तर पातळ केलेलं श्रीखंड. दादरला दोन-दोन पेले रिचवायचो ते दिवस गेले. लग्नातला मठ्ठाही चाखून घे, आचाऱ्याचा हात साखरेला सैल असतो. केफिरचं तू विचारलं होतंस. दूध आंबवलेलं, पण पाणी न घातलेलं, म्हणून ते दह्याच्या जवळचं समज. वाटीभर चालेल, तांब्याभर नाही.

खरी गंमत चक्क्यात आहे. दही फडक्यात टांगलं की लॅक्टोज विरघळलेल्या पाण्याबरोबर खाली ठिबकतं, वर प्रथिनं आणि स्निग्धांश उरतो. साखर न घालता, मीठ-मिरपूड घालून खाऊन बघ. खालचं पाणी मात्र तू पिऊ नकोस. आई त्यात कणीक भिजवते.

एक सांगायचं राहिलं. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम तोडला तर रक्तातली साखर नको तेवढी खाली येते. तुझी गोळी त्यातली आहे का, ते आधी डॉक्टरांना विचार. गेल्या महिन्यात जिन्यावर घाम फुटून बसलास, ते मी विसरलेलो नाही.

पुढच्या रविवारी ये. आईने जिरं भाजून ठेवलंय. पेला परत करायचा असेल तर तिच्या हातात दे, माझ्या नको.

तुझा,
अनंत