पंच्याऐंशी अंशांचं थंड पाणी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्मार्ट घरावर लेख वाचला. सेन्सर बसवा, मोबाईलवर आकडे बघा आणि निवांत राहा, असा त्याचा सूर. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ३४ वर्षं टर्नर होतो. मायक्रोमीटरचं शून्य बघितल्याशिवाय माप लिहायचं नाही, ही आमची सवय. म्हणून हे पत्र.

अनगोळच्या आमच्या घरी मुलानं होम असिस्टंट, म्हणजे सेन्सरचे आकडे गोळा करून घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून घेतलं. सोलरच्या टाकीला डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर आहे. डिसेंबरात पहाटे लाईट जाऊन आली आणि मोबाईलवर पाणी ८५ अंश! मी बायकोला म्हटलं, जपून गं, भाजेल. थोड्या वेळानं न्हाणीतून आवाज आला, "हेच का वो तुमचं कडकडीत पाणी?"

बसवणारा म्हणाला, सेन्सर बदला. बदलला, पैसे मोजले. पुन्हा लाईट गेली, पुन्हा ८५. शेवटी मुलानं पुण्यात बसून शोधून काढलं. वीज मिळताच या सेन्सरच्या आकडा साठवायच्या खान्यात ८५ आधीच लिहिलेला असतो. खरं तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी विचारलं की तो ८५ सांगून मोकळा. आमचं वाचन दहा मिनिटांनी एकदा, म्हणजे तेवढा वेळ तो आकडा मिरवणार. स्वयंपाकघरात ८५ अंश दिसले असते तर कुणीही हसलं असतं, पण सोलरच्या टाकीला ते शोभून दिसतात. बरं, ८५ सरसकट गाळावा, तर एप्रिलच्या दुपारी पाणी खरंच तिथवर जाईल. आता लाईट आल्यावरचं पहिलं वाचन सोडून द्यायचं, असं सॉफ्टवेअरमध्ये लिहिलंय.

माडीवरच्या टाकीची गंमत वेगळी. झाकणाखालचा सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, म्हणजे पाणी उतरलं की आकडा वाढतो. ते उलटवून टक्के काढायचं गणित बसवणाऱ्यानं बरोबर केलं. पण सेन्सर गप्प झाला तर शून्य धरा, असंही लिहून ठेवलं. सेन्सरचं वायफाय तुटलं, टाकी 'रिकामी' झाली, मोटर सुरू झाली आणि शेजाऱ्यांची भिंत भिजली. सॉफ्टवेअर बिचारं 'अनुपलब्ध' म्हणत होतं, त्याचं शून्य आपणच केलं. शिवाय टक्क्याचं चिन्ह भरलेलं नव्हतं, त्यामुळे आलेखाऐवजी नुसत्या रंगीत पट्ट्या दिसायच्या.

'सेन्सर २' हे नाव बदलून मी 'माडीवरची टाकी' केलं, तेव्हा मोटरचा नियम मोडेल अशी धास्ती होती. मोडला नाही. दिसायचं नाव वेगळं, आतली ओळख वेगळी. बेळगावकराला हे समजावायला नको. १ नोव्हेंबर २०१४ ला कागदावर आमच्या गावाचं नाव बदललं, पिन कोड तोच राहिला.

बसवणाऱ्यांनी बिलाबरोबर एक कागद द्यावा, एवढीच मागणी आहे: कुठला सेन्सर काय मोजतो, कुठल्या एककात, कुठून कुठवरचा आकडा खरा मानायचा आणि तो गप्प झाला तर काय करायचं. आपल्या पुरवणीतही एकदा हे छापा. आमच्या घरी तोवर मोबाईल कुणी बघत नाही, आधी नळाखाली बोट धरतात.

आपला,
एक निवृत्त टर्नर, अनगोळ, बेळगाव