मधल्या गावाची हकिगत

नागोया, 16 फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

पत्र हातात आलं की आधी कागदावरून बोट फिरवा, मग वाचा. हा कागद जिथून आणला तिथलीच हकिगत सांगायची आहे. फोनवर सांगायला गेले तर आई 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही.

मागच्या आठवड्यात सुट्टीला एक रजा जोडून फुकुईला जाऊन आले. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचा एकच सवाल, "तिथे काय आहे?" एकीने विचारलं, "म्हणजे कानाझावाला जाताना लागतं ते?" झालं! राजापूर म्हटलं की मुंबईतली माणसं 'गोव्याला जाताना लागतं ते का' असं विचारतात, तोच सूर. दक्षिणेला क्योतो, उत्तरेला कानाझावा, दोन्हीकडे पर्यटकांची जत्रा आणि मधे हा जिल्हा. खरं सांगते, त्या प्रश्नामुळेच तिकीट काढलं.

नागोयाहून एक्स्प्रेसने त्सुरुगापर्यंत जायचं, तिथून पुढे शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. मार्च 2024 पासून ती त्सुरुगापर्यंत येते. खालच्या फलाटावर एक्स्प्रेस, वरच्या मजल्यावर शिनकानसेन, त्यामुळे अख्खी गाडी बॅगा ओढत सरकत्या जिन्यांवर. फक्त कोणी कोणाला ढकलत नाही, एवढाच दादरशी फरक. फुकुई स्टेशनबाहेर भलेमोठे डायनासोर उभे आहेत, माना हलवतात, ओरडतातसुद्धा. जवळच्या कात्सुयामात त्यांची हाडं सापडली म्हणून हा थाट. त्यांच्या पाठीवर वीतभर बर्फ साचलेला.

बाबा, या बर्फाचं गणित तुम्हाला आवडेल. हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडा गार वारा सुटतो, जपानच्या समुद्रावरून येताना वाफ घेतो आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडून सगळं ओझं इथेच टाकतो. आपला मृग-आषाढ, फक्त सह्याद्रीऐवजी त्यांचे डोंगर आणि पाण्याऐवजी बर्फ. या बाजूची म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको. आजीला सांगा, ती म्हणेल ही आमचीच.

आता मुख्य गोष्ट. फुकुईच्या शेजारी साबाए नावाचं गाव आहे. जपानात बनणाऱ्या चष्म्याच्या फ्रेमपैकी 90 टक्क्यांहून अधिक या भागातल्या. हे कसं झालं? बर्फाच्या महिन्यांत शेतकऱ्याच्या हाताला काम नव्हतं. 1905 साली मासुनागा गोझाएमोन नावाच्या इथल्याच एका माणसाने ओसाकाहून कारागीर बोलावले आणि गावच्या पोरांना फ्रेम करायला शिकवलं. सुरुवातीला भांडवल कमी लागायचं, घरबसल्या करता यायचं. पुढे कोणी बिजागरी, कोणी काडी, कोणी घासकाम असे वाटे पडत गेले आणि गावंच्या गावं चष्म्याची झाली.

हे तिथल्या चष्म्यांच्या संग्रहालयात जुनी हत्यारं बघताना कळलं आणि मला आपले आजोबा आठवले. भात कापून झालं की आपल्याकडेही हात रिकामेच असायचे ना? पण आपल्याकडे काम गावात आलं नाही, माणसं गिरणीत गेली. लालबागच्या गाळ्यात पाळ्यापाळ्यांनी झोपायचं, महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गाव. आजीने सगळा संसार त्या मनीऑर्डरवर केला. तुम्ही म्हणाल, पोरगी स्वतः नागोयाला बसून हे लिहितेय. बसले आहे खरी.

सगळं गोड मात्र नाही. पूर्वी साबाएला एक्स्प्रेस थांबायच्या. शिनकानसेन आली आणि त्या गेल्या, नव्या गाडीला इथे स्टेशनच नाही. आता फुकुईहून लोकलने जावं लागतं. राजापूर रोडला न थांबणाऱ्या गाड्यांबद्दल बाबा ओटीवर बसून जे बोलतात, ते इथे कोणाला तरी ऐकवावंसं वाटलं.

आई, तुझ्यासाठी खाण्याचं. इथे 'हेशिको' करतात. बांगड्याच्या भावकीतला मासा आधी मिठात मुरवायचा, मग तांदळाच्या कोंड्यात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. कोंडा पुसून पातळ काप भाजतात. वास आला आणि मला थेट पावसाळ्यातली आपली चूल दिसली, बाहेर धो धो आणि तव्यावर खारा बांगडा. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा खूश होऊन हसल्या. याच किनाऱ्यावरून, ओबामा नावाच्या बंदरातून, मीठ लावलेला मासा डोंगर ओलांडून पाठीवरून क्योतोला जायचा. त्या वाटेला अजून 'मासळीची वाट' अशाच अर्थाचं नाव आहे. क्योतोचा जो प्रसिद्ध माशाचा भात, त्यातला मासा या लोकांचा.

आणखी एक गंमत. अझुकीच्या डाळीची गार, मऊ वडी, 'मिझु योकान', बाकी जपान उन्हाळ्यात खातो आणि हे लोक ऐन थंडीत, शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून! मी आधी नाक मुरडलं, मग अख्खा डबा संपवला.

आता कागद. फुकुईतल्याच एचिझेन भागातल्या लोकांची कथा अशी, की एक बाई नदीच्या वरच्या अंगाला प्रकटली आणि म्हणाली, तुमच्याकडे शेती थोडी पण पाणी निर्मळ आहे, कागद करा. नाव विचारलं तर 'वर राहते' एवढंच बोलली. तिचं देऊळ आहे, छपरावर छप्पर चढवलेलं, लाटा उठाव्यात तसं. एका झाडाची आतली साल कुटून पाण्यात सोडतात, त्यात भेंडीच्या भावकीतल्या एका झाडाच्या मुळाचा चीक घालतात, म्हणजे तंतू तळाशी बसत नाहीत. भेंडी चिरल्यावर बोटं बुळबुळीत होतात ना, तोच गुण. उन्हाळ्यात तो चीक लवकर पातळ होतो, म्हणून चांगला कागद हिवाळ्यातला. म्हणजे बर्फाच्या पाण्यात हात घालून. मलाही एक ताव करू दिला. माझा ताव पापडासारखा झाला, तो पाठवत नाहीये. 1868 साली मेइजी सरकारने नोटा काढल्या, त्या याच भागातल्या कागदावर.

एइहेइजीला पण गेले, 1244 साली दोगेन यांनी स्थापलेला झेन मठ. तिथे ध्यानगृह, न्हाणीघर आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी बोलायचं नाही असा नियम आहे. आपल्या घरात तिसऱ्या जागी तरी लागू करावा, दादाचा फोन तिथेच चालू असतो. दोगेन पळीभर पाणी घेत आणि उरलेलं अर्धं ओढ्यात परत सोडत, असं सांगतात. आई, विहीर आटायला लागली की तू भांडी विसळलेलं पाणी अळवाला घालतेस, ते आठवलं.

बाबा, साबाएहून तुमच्यासाठी टायटॅनियमची फ्रेम घेतली आहे. वजन कळतसुद्धा नाही. काचा तिकडेच बसवा, पण रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे आधी नंबर तपासून घ्या, 'दिसतंय की' म्हणून टाळू नका. जुन्या फ्रेमची काडी दोऱ्याने बांधलेला फोटो दादाने मला पाठवला आहे.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू