रिंगणातले शिक्षण बाहेर किती उपयोगी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठोसे, लाथा आणि कुस्ती-ज्युदोसारख्या पकडी एकत्र चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए) या खेळावर आपल्या पुरवणीत लागोपाठ दोन लेख आले. स्वसंरक्षणाचा खरा मार्ग एमएमएच, असे पहिल्याचे म्हणणे. दुसऱ्याने त्याला नियमांच्या चौकटीतला खेळ ठरवून रस्त्यावर तो कुचकामी असल्याचा निकाल देऊन टाकला. मी बरीच वर्षे ज्युदो शिकवते आणि माझ्याकडची काही मुले-मुली पुढे एमएमएकडे वळली, त्यामुळे दोन्हीकडचे युक्तिवाद मला तोंडपाठ आहेत. तरी लिहावेसे वाटले, कारण स्वसंरक्षणाच्या नावाखाली नेमके काय शिकवले जाते आणि कसे, याची चौकशी दोघांपैकी एकानेही केलेली दिसली नाही.

आधी ‘रस्त्यावर नियम नसतात’ हा मुद्दा घेऊ. एमएमएच्या नियमांत डोळ्यात बोटे घालणे, चावणे, गळ्याच्या पुढच्या बाजूवर घाव घालणे, जांघेत मारणे, डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसे मारणे हे सगळे निषिद्ध आहे. मग ज्याने या गोष्टींची सवयच सोडून दिली तो खऱ्या हल्ल्यात काय करणार, असे दुसऱ्या लेखात विचारले होते. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण एप्रिल 1995 मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात झालेली एक लढत पाहा. युकी नाकाई हा विद्यापीठात कोसेन ज्युदो, म्हणजे जमिनीवरच्या डावांवर भर देणारा ज्युदो, शिकलेला, अंगापिंडाने लहानसा खेळाडू. समोर जेरार्ड गोर्दो, त्याच्यापेक्षा कितीतरी उंच आणि वजनदार डच कराटेपटू. गोर्दोने नियम धाब्यावर बसवून नाकाईच्या उजव्या डोळ्यात अंगठा खुपसला. तो डोळा कायमचा गेला. ‘हा एक डाव आला की लढत संपते’ असे ज्याचे वर्णन केले जाते, तो डाव पूर्ण लागला होता. नाकाई मात्र लढत राहिला, त्याने गोर्दोचा पाय पकडून टाच पिरगळली आणि त्याला हार मानायला लावली. त्याच स्पर्धेत पुढची लढतही त्याने जिंकली आणि अंतिम फेरीत रिक्सन ग्रेसीकडून हरला. एक डोळा जायबंदी असताना.

हा प्रकार अपवादात्मक आहे, मान्य. जीवघेण्या म्हणवल्या जाणाऱ्या डावांवर किती विसंबावे, हे मात्र त्यातून कळते. शिवाय असा डाव टाकायला समोरच्याचे डोके आपल्या टप्प्यात हवे आणि आपला हात मोकळा हवा. जो आपल्या छातीवर बसला आहे, त्याचाच हात आपल्या डोळ्यांपर्यंत आधी पोहोचतो. म्हणजे पकड, तोल आणि जागा यांचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, आणि एमएमएत शिकवतात ते नेमके हेच.

ही गोष्ट नवी नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार त्यांनी कातापुरते, म्हणजे ठरवून केलेल्या सरावापुरते ठेवले. उरलेले डाव रांदोरीत घेतले. रांदोरीत जोडीदार खराखुरा विरोध करतो, तोही तुम्हाला पाडायला बघत असतो. कमी डाव, पण रोज पूर्ण ताकदीनिशी. वरवर पाहता कलेतले ‘घातक’ तेवढे काढून टाकले, पण त्यामुळेच ती रोज खऱ्या जोराने करता येऊ लागली. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरमध्ये यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा वजनगट नव्हते. जेमतेम 80 किलोच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवले, आणि त्याच्या ब्राझिलियन जुजुत्सूमागेही ज्युदोतून आलेली हीच परंपरा होती. 2017 मध्ये चीनमध्ये एमएमए खेळणाऱ्या शू शियाओदोंगने ताई ची या चिनी युद्धकलेच्या वेई लेई नावाच्या गुरूला वीस सेकंदांच्या आत खाली घातले. त्यावरून ताई चीला नावे ठेवण्याचे कारण नाही. विरोध करणारा माणूस ज्याने सरावात कधी पाहिलाच नाही, त्याचे काय होते ते तिथे दिसले.

माझ्या वर्गात हे दर नव्या तुकडीत दिसते. नवीन मुलीला पाठीवर झोपवून वरून कोणी दाबून धरले की ती श्वास रोखते आणि दोन्ही हात सरळ करून वरच्याला छातीवर ढकलू लागते. अंगात कितीही जोर असो, अर्ध्या मिनिटात दम संपतो. आणि ते सरळ ताठ केलेले हात म्हणजे कोपराचा कुलूपडाव लावायला आयते आमंत्रण. ‘श्वास सोड, कोपरे अंगाशी घे, कुशीवर वळ’ हे मी शंभर वेळा सांगून उपयोग होत नाही. काही आठवडे तिला तसेच दाबून धरावे लागते. मग एके दिवशी ती आपोआप कुशीवर वळते, गुडघा मध्ये घालते आणि उठते, न घाबरता. घाबरलेल्या शरीराला ऐकून शिकता येत नाही, आणि एमएमएची जमेची बाजू इथेच आहे. ठोसा खाल्ल्यावर डोळे मिटायचे नाहीत, पडल्यावर उठायचे, हे ज्याला सवयीने येते तो नि:शस्त्र, एकट्या हल्लेखोरासमोर बाकीच्यांपेक्षा खूपच बऱ्या स्थितीत असतो.

पहिल्या लेखकाने मात्र इथून एकदम उडी मारली. हल्लेखोर एकटा असेल, नि:शस्त्र असेल, समोरून येईल, आणि खाली मऊ मॅट असेल असे त्यांनी गृहीतच धरले. एमएमएत पाठीवर झोपूनही लढता येते. डांबरी रस्त्यावर, तेही हल्लेखोराचा मित्र शेजारी उभा असताना, तसे झोपणे म्हणजे डोके त्याच्या बुटांच्या हवाली करणे. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारला तर करंगळीच्या मागचे हाड मोडते, आणि ते इतके नेहमीचे आहे की वैद्यकात त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असेच नाव आहे. सुऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. डेनिस टुलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने 1983 मध्ये दाखवून दिले की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडणेही पोलिसाला कसेबसे जमते. सुरा हिसकावण्याचे प्रात्यक्षिक करणाऱ्या प्रशिक्षकाला एकदा पांढरा सदरा घालून उभे करावे आणि समोरच्याच्या हाती सुऱ्याऐवजी साधे मार्कर पेन द्यावे. सदऱ्याची काय दशा होते ते पाहून पुढचे व्याख्यान आपोआप छोटे होते. पळता येत असेल तर पळावे, एवढेच मी मुलांना सांगते.

कायद्याचा भाग दोन्ही लेखांत नव्हता. मागून गळ्याभोवती हात घालून केलेल्या चोकमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. मॅटवर समोरचा टॅप करतो, म्हणजे हाताने थोपटून हार मानतो, रेफ्री सोडवतो. बाहेर रेफ्री नाही, आणि बेशुद्ध झाल्यावरही पकड सोडली नाही तर माणूस मरतो. स्वसंरक्षणाचा हक्क बहुतेक देशांच्या कायद्यांत आहे, पण तो धोका असेपर्यंत आणि धोक्याच्या प्रमाणात. कधी थांबायचे हे एमएमएत रेफ्री ठरवतो, त्यामुळे खेळाडूला त्याची सवय नसते. प्रशिक्षकाने ते वेगळे शिकवावे लागते, आणि फार थोडे जण शिकवतात.

सर्वांत महत्त्वाचे राहिले. स्त्रियांवरचे बहुतेक हल्ले अनोळखी गुंडाकडून नव्हे, ओळखीच्या माणसाकडून होतात. तिथे अडचण डाव न येण्याची नसते. हात उचलावा की नाही, ‘तो तसा नसेल’, ‘लोक काय म्हणतील’, या विचारांत वेळ जातो. कॅनडातल्या शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींवर एक कार्यक्रम करून पाहिला. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. बारा तासांच्या कार्यक्रमात शारीरिक झटापटीचे शिक्षण दोनेक तासांचेच होते. बाकीचा वेळ धोक्याच्या खुणा ओळखणे, ओळखीच्या माणसाला ठामपणे नकार देणे आणि स्वतःच्या मनातला संकोच ओलांडणे यांवर दिला होता. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचे प्रमाण कार्यक्रम केलेल्या गटात 5.2 टक्के, तर नुसती माहितीपत्रके दिलेल्या गटात 9.8 टक्के होते. जवळपास निम्मे. एमएमएच्या कुठल्याही वर्गाने असा हिशेब दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि आमच्या ज्युदोनेही नाही. हे कबूल करायला लाज कसली?

म्हणून एखादी मुलगी ‘मॅडम, एमएमएला जाऊ का?’ असे विचारते तेव्हा मी खुशाल जा म्हणते. अंगात धीटपणा येतो, दम वाढतो, घाबरून गोठण्याची सवय मोडते, आणि खेळ म्हणूनही तो मजेचा आहे. फक्त तिथे स्पारिंग, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी सरावाची लढत, होते का, जोडीदार बदलून देतात का, आणि डोक्यावर जोराचे ठोसे रोज खायला लावतात का, हे आधी बघून ये असे सांगते. यातल्या शेवटच्याचे उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा वर्ग शोध. मेंदूला वारंवार मार बसून होणारे नुकसान हल्लेखोराच्या माराहून वेगळे नसते.

माझी खरी तक्रार आहे ती दोन-तीन दिवसांच्या ‘स्वसंरक्षण शिबिरां’बद्दल. समोरचा मनगट धरतो, मुलगी शिकवल्याप्रमाणे झटका देते, तो भला माणूस लगेच सोडतो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळते. आपल्या वृत्तपत्रात अशा शिबिरांच्या बातम्या समारोपाच्या फोटोसह येतात. पुढच्या वेळी वार्ताहराने समारोपाला न जाता मधल्याच एखाद्या दिवशी, न कळवता जावे. तिथल्या एका मुलीचे मनगट तिच्याहून जड अशा, शिबिरात नसलेल्या कोणाला तरी मुलीच्या संमतीने घट्ट धरायला सांगावे, आणि सोडू नकोस असेही सांगावे. पुढे काय घडते ते, फोटोसकट, जसेच्या तसे छापावे.

आपली,
एक ज्युदो प्रशिक्षिका